लोखंड, तांबं, मँगनीज : ऑक्साइडचं सूत्र पाठ न करता कसं काढायचं

धातूंच्या ऑक्साइडची सूत्रं पाठ करू नका. नववी-दहावीची मुलं तक्ता घोकतात, तो परीक्षेपुरता टिकतो, आणि अकरावीत एकाच लोखंडाची तीन ऑक्साइडं समोर आली की सगळी सरमिसळ होते. पाठ करण्यासारखी गोष्ट खरं तर एकच आहे. ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचा प्रभार २− असतो. धातूचा प्रभार बदलतो, ऑक्सिजनचा बदलत नाही. ऑक्सिजनला धरून चाललात की धातूचा हिशेब आपोआप लागतो.

आणि हे शिकायला नागपूरसारखं सोयीचं गाव नाही. प्रभार बदलण्यात मँगनीजचा हात धरणारे धातू फार थोडे, आणि मँगनीजचं खनिज काढणाऱ्या 'मॉइल' या सरकारी कंपनीचं मुख्यालय इथे काटोल रोडवर आहे. जिल्ह्यात मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव इथे तिच्या खाणी आहेत. शेजारी भंडाऱ्याच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, आणि सीमेपलीकडे बालाघाट, उकवा, तिरोडी. १८९६ मध्ये इंग्रजांच्या काळात सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने सुरू केलेलं हे काम १९६२ पासून मॉइलकडे आहे. रामटेकला जाताना मनसरजवळ जी काळी खडी दिसते, तिच्यात या लेखातली निम्मी उदाहरणं भरलेली आहेत.

एक सूचना आधीच देतो. या लेखात सूत्रं आपण वर्गात मोठ्याने म्हणतो तशी लिहिली आहेत. 'एफई२ओ३' म्हणजे लोखंडाचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन. वहीत मात्र रोमन अक्षरंच वापरायची आणि आकडा अक्षराच्या पायाशी लहान लिहायचा. दोन अक्षरी चिन्हात पहिलं अक्षर मोठ्या लिपीत, दुसरं लहान लिपीत. हा नियम हलक्यात घेऊ नका. कोबाल्टच्या चिन्हातला 'ओ' मोठा काढला, तर कागदावर कोबाल्ट राहत नाही, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो.

आधी धातू ओळखा

सूत्राला हात घालण्याआधी स्वतःला विचारा, हा धातू प्रभार बदलणारा आहे का? सोडिअम आणि पोटॅशिअम कायम १+. मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम, जस्त कायम २+. अॅल्युमिनिअम कायम ३+. यांच्या नेहमीच्या ऑक्साइडमध्ये विचार करण्यासारखं काही नाही. अॅल्युमिनाचं सूत्र एएल२ओ३, आणि अॅल्युमिनिअमचं हे एकच ऑक्साइड लक्षात ठेवायचं.

बदलणारे नेहमीचे धातू असे: तांबं १+ किंवा २+, लोखंड २+ किंवा ३+, कथील आणि शिसं २+ किंवा ४+, कोबाल्ट २+ किंवा ३+, क्रोमिअम बहुतेक ३+ आणि ६+. मँगनीज २+, ३+, ४+ आणि थेट ७+ पर्यंत. पुस्तकात याला परिवर्ती संयुजा म्हणतात.

हे बदलतं का, ते एकदा समजून घेतलं की आकडे लक्षात राहतात. मँगनीजचा अणुअंक २५. इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १३, २. शेवटच्या कक्षेतले दोन इलेक्ट्रॉन सहज जातात, म्हणून २+ तर आहेच. पण आतल्या कक्षेतल्या तेरांपैकी वरचे पाच इलेक्ट्रॉनही ऊर्जेने फारसे दूर नसतात. समोर ऑक्सिजनसारखं ओढून घेणारं मूलद्रव्य असेल तर त्यातलेही जातात. एक गेला की ३+, दोन गेले की ४+, पाचही गेले की ७+. त्यापुढे नाही, कारण द्यायला काही उरतच नाही. लोखंडाची मांडणी २, ८, १४, २. तिथे बाहेरचे दोन गेले की २+, आतला आणखी एक गेला की ३+. कथील आणि शिशाची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या शेवटच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. कधी त्यातले दोनच जातात, कधी चारही. म्हणून त्यांच्यात ३+ भेटत नाही.

नावातला आकडा वाचा

नाव दोन पद्धतींनी येतं. नव्या पद्धतीत धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा असतो, ही पद्धत जर्मन रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांची. 'आयर्न' पुढे कंसात रोमन तीन आणि मग 'ऑक्साइड' असं लिहिलेलं दिसलं की वाचायचं 'आयर्न थ्री ऑक्साइड'. हा तीन म्हणजे लोखंडाच्या प्रत्येक अणूचा प्रभार. अणूंची संख्या नव्हे, ऑक्सिजनची संख्याही नव्हे. नव्याने शिकणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. 'मँगनीज फोर ऑक्साइड' वाचून चार ऑक्सिजन लिहिले जातात, आणि मग पुढची कुठलीच पायरी त्यांना वाचवू शकत नाही.

जुन्या पद्धतीत शेवटी 'अस' किंवा 'इक' येतं. फेरस, फेरिक. क्युप्रस, क्युप्रिक. स्टॅनस, स्टॅनिक. 'अस' म्हणजे त्या धातूचा कमी प्रभार, 'इक' म्हणजे जास्त. यात ठरावीक आकडा नसतो. क्युप्रस १+ आहे, फेरस २+. क्युप्रिक २+ आहे, स्टॅनिक ४+. म्हणजे जुनं नाव दिसलं की त्या धातूचे दोन प्रभार माहीत असावेच लागतात. माझं मत विचाराल तर नव्या पद्धतीवर हात बसवा आणि जुनी नुसती ओळखता येईल इतकी ठेवा. दुकानात, औषधांच्या वेष्टनावर आणि कारखान्यांत जुनी नावं अजून सर्रास चालतात, म्हणून ती टाकून देता येत नाहीत.

तिरकस गुणाकार, मग संक्षेप

आता प्रत्यक्ष सूत्र. 'आयर्न थ्री ऑक्साइड' घ्या. डावीकडे एफई, डोक्यावर ३+. उजवीकडे ओ, डोक्यावर २−. धातू नेहमी आधी. आता चिन्हं सोडून नुसते आकडे तिरके खाली उतरवा. लोखंडाचा ३ ऑक्सिजनच्या पायाशी, ऑक्सिजनचा २ लोखंडाच्या पायाशी. एफई२ओ३. ताळा करा: लोखंडाचे दोन गुणिले तीन, अधिक सहा. ऑक्सिजनचे तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. बेरीज शून्य.

ताळा हा शोभेचा भाग नाही. ऑक्साइडवर एकूण प्रभार नसतो, म्हणून बेरीज शून्य यायलाच हवी. तिरकस गुणाकार ही तिथे लवकर पोचायची युक्ती आहे. खरं कारण शून्य बेरजेत आहे. परीक्षेत युक्ती विसरलात तरी 'किती लोखंड आणि किती ऑक्सिजन घेतले म्हणजे शून्य होईल' असा विचार करून उत्तर काढता येतं.

तांब्याच्या १+ साठी: सीयूचा १ ऑक्सिजनकडे, ऑक्सिजनचा २ तांब्याकडे. सीयू२ओ. एक हा आकडा पायाशी लिहीत नाहीत.

आता 'मँगनीज फोर ऑक्साइड'. ४ आणि २ तिरके उतरवले की एमएन२ओ४ मिळतं. इथे थांबायचं नाही. दोन्ही आकड्यांना २ ने भाग जातो, म्हणून एमएनओ२. मुलं हमखास विचारतात, 'सर, एमएन२ओ४ मध्येही बेरीज शून्यच येते, मग ते चूक का?' प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की या पदार्थात दोन मँगनीज आणि चार ऑक्सिजन असा सुटा रेणू नसतोच. स्फटिकात अणू एकमेकांना लागून सगळीकडे पसरलेले असतात, आणि सूत्र फक्त त्यांचं प्रमाण सांगतं. प्रमाण सांगायचं तर सर्वांत लहान पूर्णांकांत सांगायचं. एकास दोन. त्याच न्यायाने तांबं २+ असेल तर सीयू२ओ२ नाही, सीयूओ. शिसं ४+ असेल तर पीबीओ२. सहा प्रभाराच्या क्रोमिअमचं सीआर२ओ६ नाही, सीआरओ३.

सूत्राच्या पुढे लिहिलेला मोठा आकडा आणि पायाशी लिहिलेला लहान आकडा यांची गल्लत करू नका. '२एफईओ' म्हणजे एफईओचे दोन एकक. समीकरण संतुलित करताना पुढचा आकडा बदलता येतो. पायाचा आकडा बदलला की पदार्थच बदलतो.

उलट वाट: सूत्रावरून प्रभार

खरी समज इथे तपासली जाते. एमएनओ२ समोर आहे, मँगनीजचा प्रभार किती? घाईत २ दिसतो आणि 'मँगनीज टू' असं नाव पडतं. तो २ ऑक्सिजनचा आहे. ऑक्सिजनपासून सुरुवात करा: दोन ऑक्सिजन, प्रत्येकी उणे दोन, एकूण उणे चार. समोर एकच मँगनीज, म्हणून अधिक चार. नाव मँगनीज फोर ऑक्साइड. एमएनओ मध्ये पायाशी काहीच दिसत नाही म्हणून कुणी प्रभार १+ सांगतं. पण ऑक्सिजन उणे दोन, म्हणून मँगनीज अधिक दोन. तिरके आकडे नुसते वर चढवायचे नाहीत, कारण संक्षेप झाला असेल तर ते खोटं बोलतात. सूत्रावरून प्रभार काढताना दर वेळी ऑक्सिजनची एकूण बेरीज करा आणि ती धातूच्या अणूंत वाटा.

एमएनओ२ हातात घेऊन बघायचं असेल तर टॉर्चचा साधा सेल आठवा. त्यातल्या काळ्या लगद्यात मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची भुकटी असते. सेल घरी फोडू नका, शाळेच्या प्रयोगशाळेत उघडलेला मागा. टॉर्च लावली की बाहेरच्या जस्ताकडून येणारे इलेक्ट्रॉन हा मँगनीज घेतो आणि ४+ वरून ३+ वर येतो. सेल संपला म्हणजे बराचसा मँगनीज खाली उतरला. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं डायऑक्साइड या सेलच्या धंद्यासाठीच ओळखलं जातं.

तांब्याचे दोन प्रभार तर स्वयंपाकघरात दिसतात. तांब्याच्या स्वच्छ घासलेल्या पट्टीचा तुकडा सांडशीत धरून, घरातलं मोठं माणूस सोबत असताना, गॅसच्या ज्योतीत तापवा. आधी नारिंगी-लालसर छटा येते, मग पृष्ठभाग काळा पडतो. काळा थर सीयूओचा. थंड झाल्यावर तो खरवडला तर धातूला चिकटून असलेला लालसर थर दिसतो, तो सीयू२ओ. ऑक्सिजन मुबलक मिळाला तिथे तांबं २+ झालं, आत कमी पोचला तिथे १+ वर थांबलं. नागपूरच्या इतवारी बाजारात मोडीत आलेल्या जुन्या घागरींवर हिरवा थर असतो, त्याला मात्र ऑक्साइड समजू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून तिथे कार्बोनेटचा थर चढलेला असतो.

सूत्रात तीन आणि चार दिसले तर

एफई३ओ४ वर नेहमीचा हिशेब करून बघा. चार ऑक्सिजन, उणे आठ. तीन लोखंडांत आठ वाटले तर प्रत्येकी दोन पूर्णांक दोन तृतीयांश. इलेक्ट्रॉनचा तुकडा होत नाही, मग हे काय? इथे हिशेब चुकलेला नाही, तो काहीतरी सांगतोय. पदार्थात दोन वेगवेगळ्या प्रभारांचं लोखंड एकत्र आहे: एक अणू २+, दोन अणू ३+. दोन अधिक सहा, आठ. म्हणजे एक एफईओ आणि एक एफई२ओ३ यांचं प्रमाण. हेच मॅग्नेटाइट. घराच्या बांधकामासाठी आणलेल्या रेतीच्या ढिगात चुंबक फिरवला की काळे बारीक कण चिकटून येतात, त्यात हे असतं. उलट विटांचा आणि ग्रिलला लावायच्या रेड ऑक्साइडचा तांबडा रंग एफई२ओ३ चा. ते चुंबकाला असं धावत येत नाही.

एमएन३ओ४ ची मांडणीही तशीच, एक २+ आणि दोन ३+. खनिजशास्त्रात त्याला हॉसमनाइट म्हणतात.

पीबी३ओ४ ला मात्र तोच साचा लावू नका. शिशाला ३+ नाही हे वर आलंच आहे. मग आठ कसे भरणार? दोन अणू २+ आणि एक अणू ४+. चार अधिक चार. म्हणजे दोन पीबीओ आणि एक पीबीओ२. मारुतीला, गणपतीला जुन्या पद्धतीने लावतात तो शेंदूर हाच. तो पोटात जाणं धोक्याचं आहे, शिसं विषारी असतं. हाताला लागला तर जेवणाआधी हात धुवायलाच हवेत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण तीन-चारचा सांगाडा एकच असूनही आतली वाटणी धातूच्या स्वभावावरून ठरते, हे त्यात स्वच्छ दिसतं. पहिल्या पायरीत धातू आणि त्याचे शक्य प्रभार ओळखायला सांगितलं ते याचसाठी.

ऑक्सिजनच वेगळा वागतो तेव्हा

सुरुवातीला जो नियम सांगितला त्याला एक अपवाद आहे, आणि तो ओळखता आलाच पाहिजे. बीएओ२ हे सूत्र पाहा. वरच्या पद्धतीने बेरिअम ४+ येतो. पण बेरिअम कायम २+. इथे धातूवर विश्वास ठेवायचा. दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्या जोडीवर मिळून २− आहे. हे पेरॉक्साइड. पीबीओ२ दिसायला अगदी तसंच, पण शिशाला ४+ शक्य आहे आणि ते साधं ऑक्साइड आहे. सोडिअम पेरॉक्साइड एनए२ओ२. याला दोनने भागून एनएओ करायचं नाही, कारण ऑक्सिजनची ती जोडी तोडता येत नाही. ज्या धातूचा प्रभार ठाम आहे त्याच्या सूत्रात ऑक्सिजन जास्त वाटला, तर आधी पेरॉक्साइडची शंका घ्या.

दोन गोष्टी पुढच्या वर्गांसाठी. मँगनीजचं ७+ चं सूत्र तिरकस गुणाकाराने एमएन२ओ७ येतं आणि ते बरोबरही आहे, पण तो पदार्थ हिरवट तेलकट द्रव आहे, आयनांचा म्हणजे प्रभार असलेल्या अणूंचा स्फटिक नाही. ७+ हा तिथे हिशेबाचा आकडा आहे, म्हणून त्याला प्रभारापेक्षा ऑक्सिडीकरण अंक म्हणणं योग्य. हा द्रव स्फोटक आहे. पोटॅशिअम परमँगनेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल कुतूहल म्हणूनसुद्धा एकत्र करू नका. दुसरं, एफईओ आपण एकास एक लिहितो, पण खऱ्या स्फटिकात लोखंडाच्या काही जागा रिकाम्या असतात आणि लोखंड एकापेक्षा जरा कमी भरतं. तेवढ्यासाठी वहीतलं सूत्र बदलायचं नाही.

वजनावरून सूत्र

सूत्र कागदावर जुळलं तरी पदार्थ तोच आहे हे तराजू सांगतो. तांब्याचं अणुवस्तुमान ६३.५, ऑक्सिजनचं १६. समजा ६.३५ ग्रॅम तांबं पूर्ण जळून ७.९५ ग्रॅम ऑक्साइड झालं. वाढलेले १.६० ग्रॅम ऑक्सिजनचे. ६.३५ भागिले ६३.५ म्हणजे ०.१. १.६० भागिले १६ म्हणजेही ०.१. एकास एक, सीयूओ. तेवढ्याच तांब्याचं ऑक्साइड ७.१५ ग्रॅम भरलं असतं तर ऑक्सिजन ०.८० ग्रॅम, म्हणजे ०.०५. दोनास एक, सीयू२ओ.

खनिजाच्या व्यवहारात हाच हिशेब टक्क्यांत चालतो. मँगनीजचं अणुवस्तुमान ५५ धरा. शुद्ध एमएनओ२ मध्ये ८७ पैकी ५५, म्हणजे सुमारे ६३.२ टक्के मँगनीज. एमएन३ओ४ मध्ये २२९ पैकी १६५, सुमारे ७२ टक्के. एमएनओ मध्ये ७१ पैकी ५५, सुमारे ७७.५ टक्के. प्रभार वाढला की ऑक्सिजन वाढतो आणि धातूचा वाटा घटतो. म्हणून खनिजात मँगनीज किती टक्के आहे एवढ्याने भागत नाही, ते कोणत्या ऑक्साइडच्या रूपात आहे हेही बघावं लागतं. भट्टीवाल्याला धातू हवा असतो, सेलवाल्याला ४+ चं डायऑक्साइडच लागतं.

शेवटी एक गणित पूर्ण सोडवू. एका शुद्ध ऑक्साइडमध्ये ६९.६ टक्के मँगनीज आहे, उरलेला ३०.४ टक्के ऑक्सिजन. ६९.६ भागिले ५५, सुमारे १.२७. ३०.४ भागिले १६, म्हणजे १.९. मोठ्याला लहानाने भागलं की दीड येतो. एकास दीड, पूर्णांकांत दोनास तीन. एमएन२ओ३. ऑक्सिजनची बेरीज उणे सहा, दोन मँगनीजांत वाटली की प्रत्येकी अधिक तीन, आणि मँगनीजला ३+ चालतो. नाव मँगनीज थ्री ऑक्साइड.